मांजर खरंच विचार करतं का, की सगळी सवयच?

निळी_छत्री

प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्या मनूला दार उघडता येतं. आडवं, खाली दाबायचं हँडल असतं ना, त्याला ती उडी मारून दोन्ही पुढच्या पायांनी लटकते, वजनाने हँडल खाली जातं, दार पुढे सरकतं, मग खाली उतरून फटीत डोकं घालते आणि बाहेर. कोणी शिकवलेलं नाही. घरी येणारा प्रत्येकजण हे बघून म्हणतो काय हुशार मांजर आहे. पण आमच्याकडे एक दार उलटं उघडतं, म्हणजे मनू ज्या खोलीत असते त्या खोलीच्या आत उघडतं. तिथेही ती तशीच लटकते, हँडल खाली जातं, खटका सुटतो, पण तिचंच वजन दारावर पडत असल्यामुळे दार जागच्या जागी. मग ती खाली उतरते, दाराकडे बघत बसते आणि परत तेच करते. खटका सुटल्यावर पंजा फटीत घालून आपल्याकडे खेचावं हे तिच्या डोक्यात कधीच येत नाही. आणि कपाटाचं दार मात्र ती रोज पंजाने खेचून उघडते! म्हणजे खेचणं तिला येतं, फक्त ते इकडचं तिकडे वापरता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. नवरा आतल्या खोलीत काम करत बसला होता, मनूच्या समोरूनच आत गेला होता. मी बाहेर त्याचा एक जुना व्हॉइस मेसेज ऐकत होते, मोठ्या आवाजात. मनू झोपेतून उठून उभीच राहिली. फोनकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे, परत फोनकडे, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना, आणि मग आत जाऊन त्याला बघून आली आणि परत येऊन फोन हुंगला. हे मी अगदी जवळून बघितलंय आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. ही सवय कशी असेल? असा प्रसंग तिच्यावर आधी आलेलाच नव्हता.

माझा दीर कुत्रावाला आहे, त्याचं म्हणणं मांजर विचारबिचार काही करत नाही, खाऊ मिळतो ते लक्षात ठेवतं, बस. मला वाद जिंकायचा नाही, खरंच जाणून घ्यायचंय. मांजर विचार करतं म्हणजे नक्की काय करतं, आणि तो विचार आहे की सवय हे ओळखायचं कसं? कोणी यावर वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रातकिडा

मी मानसशास्त्र शिकवतो, हा विषय वर्गात निघतोच. तुमच्या लिहिण्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ते आत उघडणारं दार. जमलेल्या दारापाशी मनू काय करते यावरून फारसं कळत नाही, न जमलेल्या दारापाशी काय करते त्यावरून कळतं.

दार उघडणारी मांजरं हा फार जुना वाद आहे. १८८२ साली रोमानेस नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अशाच एका मांजराबद्दल लिहिलं होतं, आणि त्याचा निष्कर्ष असा की मांजराने माणसाला हाताने खटका दाबताना बघितलं, हाताने होतं तर पंजाने का होणार नाही असा विचार केला आणि उडी मारली. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन तरुणाने हे सगळं मोजून बघायचं ठरवलं. त्याने लाकडी पट्ट्यांचे पिंजरे बनवले, आत भुकेलं मांजर, बाहेर दिसेल असा मासा, आणि दार उघडायला कुठे दोरीचा फास ओढायचा, कुठे पट्टी दाबायची, कुठे खिटी फिरवायची. मांजर आधी नुसतं धडपडतं, पट्ट्या चावतं, मिळेल त्या फटीतून पंजा बाहेर काढतं आणि त्या धडपडीत कधीतरी पंजा फासात अडकून दार उघडतं. मग परत आत ठेवायचं आणि किती वेळ लागतो ते लिहायचं. त्याच्या एका मांजराचे आकडे फार प्रसिद्ध आहेत, सेकंदांमध्ये: १६०, ३०, ९०, ६०, १५, २८, २०, ३०... असं करत करत चोविसाव्या वेळी ७.

हे आकडे शांतपणे बघा. दुसऱ्या वेळी ३० सेकंदांत सुटलं आणि तिसऱ्या वेळी ९० लागले. फास ओढला की दार उघडतं हे मांजराला कळलं असतं तर वेळ एकदम खाली यायला हवा होता आणि खालीच राहायला हवा होता. तसं बहुतेक वेळा झालं नाही, वेळ वरखाली होत होत हळूहळू घसरत गेला. यावरून थॉर्नडाइक म्हणाला की मांजर दाराची यंत्रणा समजून घेत नाही, निरुपयोगी हालचाली गळत जातात आणि फायद्याची तेवढी पक्की होते. त्याने असेही प्रयोग केले जिथे मांजराने स्वतःचं अंग चाटलं की तो स्वतः दार उघडायचा. चाटण्याचा दाराशी काडीचा संबंध नाही, तरी मांजरं तेही शिकली. आणि पुढे पुढे ते चाटणं इतकं आटलं की मांजर मान वळवून एक-दोनदा जीभ हलवायचं आणि सुटायचं.

मनूचं लटकणं मला याच जातीचं वाटतं. तिला 'दार' उघडता येत नाही, तिला एक हालचाल येते जी एका जागी फळते. कपाट खेचणं ही दुसऱ्या जागेची दुसरी हालचाल.

अजून एक सांगतो कारण ते थेट याच मुद्द्याचं आहे. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रिटा ऑस्टहाउस आणि सहकाऱ्यांनी १५ पाळीव मांजरांवर दोऱ्यांची टेस्ट केली. खाऊ प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, दिसतोय पण हाताला लागत नाही, त्याला बांधलेली दोरी बाहेर. एकच दोरी असेल तर मांजरं ओढून खाऊ काढतात. दोन समांतर दोऱ्या ठेवल्या, एकीलाच खाऊ, तर एकही मांजर सातत्याने बरोबर दोरी निवडू शकलं नाही. एकमेकींवरून तिरप्या नेलेल्या दोऱ्यांचं तर विचारूच नका, एक मांजर सातत्याने चुकीचीच ओढत राहिलं आणि बाकीच्यांचं सगळं नशिबावर. म्हणजे दोरी ओढली की काहीतरी मजेशीर होतं इतपत कळतं, हा खाऊ या दोरीला बांधलाय म्हणून हीच ओढायची, हे नाही.

तुमच्या दुसऱ्या किश्श्यावर, व्हॉइस मेसेजवर, मात्र मी इतक्या खात्रीने बोलणार नाही, तो प्रकारच वेगळा आहे.

गोधडी

रातकिडा यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून मांजराच्या अकलेचं माप काढण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी, ती मला फार महत्त्वाची वाटते. थॉर्नडाइकनंतर गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी १९४६ मध्ये अशाच पिंजऱ्याचे प्रयोग छापले. त्यांच्या पिंजऱ्याला समोर काच होती आणि मध्ये एक उभा खांब, खांबाला धक्का लागला की दार उघडायचं. त्यांना दिसलं की प्रत्येक मांजर खांबाला ठरावीक पद्धतीनेच अंग घासतं, तेच वळण, तीच पाठ, दर वेळी जवळपास तसंच. त्यांनी फोटोसकट मांडलं की बघा, शिकणं म्हणजे किती यांत्रिक असतं. पुढे बरीच वर्षं हे शिकवलं गेलं. मग १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी तोच पिंजरा वेगळ्या पद्धतीने लावला, दार उघडणार नाही, खाऊ मिळणार नाही, काहीच नाही. तरीही मांजरं खांबाला अंग घासत होती, तस्संच. फक्त एका अटीवर, समोर माणूस दिसत असला तर. माणूस नजरेआड झाला की घासणं बंद.

म्हणजे ती मांजरं समोर बसलेल्या शास्त्रज्ञांना ओळख देत होती! आपल्या पायांना जशी अंग घासतात तशीच, पाय हाताशी नाहीत म्हणून खांबाला. जे यांत्रिक शिकणं म्हणून छापलं गेलं ते मांजराचं भेटणं होतं. मला ही गोष्ट वाचून खूप वाईट वाटलं होतं, कारण इतकी वर्षं त्या प्राण्याकडे कोणी मांजर म्हणून बघितलंच नाही. आपण टेस्ट बनवताना आपल्याला जे अवघड वाटतं ते बनवतो, कड्या, दोऱ्या, खटके. आपल्याला हात आहेत म्हणून आपली अक्कल हातात आहे. मांजराला रानात कधीच कुठली वस्तू कशाला बांधलीय हे शोधायची वेळ येत नाही. त्याला वेळ येते ती वेगळीच: आवाज आला, दिसत काहीच नाही, तर काय आहे, कुठे आहे आणि आता कुठून बाहेर येईल. मांजराला साधारण ८५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २० पर्यंत, उंदरांची एकमेकांत चाललेली बारीक आवाजातली बडबडसुद्धा त्याच्या कानात पडते. कानाने ऐकून न दिसणाऱ्या गोष्टीचं चित्र डोक्यात तयार करायचं आणि त्यावर पुढचं ठरवायचं, मांजराच्या विचाराला शोधायचं असेल तर इथे शोधायला हवं.

आणि शोधलं तेव्हा सापडलंही. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३० मांजरांवर साधा प्रयोग केला. मांजरासमोर एक डबा हलवायचा, मग उलटा करायचा. कधी हलवताना खडखड आवाज येतो, कधी येत नाही. कधी उलटा केल्यावर गोळा पडतो, कधी नाही, आत विद्युतचुंबक लावून हे जुळवलेलं. आवाज आला आणि गोळा पडला, ठीक. आवाज नाही आणि काही पडलं नाही, ठीक. पण आवाज आला आणि काहीच पडलं नाही, किंवा आवाज नव्हता आणि तरी गोळा पडला, अशा वेळी मांजरं डब्याकडे जास्त वेळ बघत राहिली. यात खाऊ नाही, ट्रेनिंग नाही, चोवीस वेळा घोटून घेतलेलं काही नाही. आवाज म्हणजे आत काहीतरी आहे आणि आत काही असेल तर उलटं केल्यावर ते पडायला हवं, ही अपेक्षा मांजर घेऊनच आलं होतं.

निळी_छत्री, तुमचा व्हॉइस मेसेजचा किस्सा तर ताकागी यांच्याच २०२१ च्या प्रयोगाची घरगुती आवृत्ती आहे. मांजराला खोलीत एकटं ठेवायचं, मालकाचा आवाज एका स्पीकरवरून, मांजराला नावाने हाक मारताना, अनेकदा ऐकवायचा. मग लगेच तोच आवाज लांबच्या दुसऱ्या स्पीकरवरून, म्हणजे माणूस इतक्या वेळात पोचूच शकणार नाही अशा ठिकाणाहून. मांजरं चक्रावली, इकडेतिकडे बघायला लागली. त्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून वेगळ्या माणसांना दाखवले आणि मांजर किती चकित दिसतंय याला मार्क द्यायला लावले, म्हणजे बघणाऱ्याला आधी माहीत नाही की कुठली क्लिप कुठली. दुसऱ्या मांजराचं म्याव किंवा नुसता इलेक्ट्रॉनिक आवाज असा जागा बदलून ऐकवला तेव्हा तशी प्रतिक्रिया आली नाही. याचा अर्थ आपण समोर नसतानाही आपण घरात कुठे आहोत याची नोंद मांजराच्या डोक्यात चालू असते. मनूच्या हिशेबाने तुमचा नवरा आत होता, आवाज बाहेर आला, हिशेब जुळेना, म्हणून ती आत जाऊन खात्री करून आली. याला विचार म्हणायचा नाही तर कशाला म्हणायचं?

चष्मिश

माझ्याकडे कुत्रे आणि मांजर दोन्ही आहेत, तुमच्या दिरासाठी थोडी माहिती देतो. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय टीमने मांसाहारी प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यकातले, म्हणजे बाहेरच्या थरातले न्यूरॉन (मज्जापेशी) मोजले, मांजराचे सुमारे २५ कोटी आणि कुत्र्याचे सुमारे ५३ कोटी. तेव्हा कुत्रा मांजराच्या दुप्पट हुशार अशा बातम्या सगळीकडे आल्या. पण मोजलेले प्राणी एकेका जातीचे एक-दोनच होते. आणि त्याच अभ्यासात अस्वलाचा मेंदू मांजरापेक्षा कितीतरी मोठा असून न्यूरॉन मांजराइतकेच निघाले. न्यूरॉन किती यावरून कोण काय विचार करतो हे कळत नाही.

फरक मला एका ठिकाणी खरा वाटतो. हंगेरीत मिक्लोशी यांच्या टीमने २००५ मध्ये दोघांनाही बोट दाखवून खाऊ कुठे आहे ते सांगितलं, तर कुत्रे आणि मांजरं दोघांनाही ते कळलं, फारसा फरक नाही. पण मग खाऊ अशा जागी ठेवला जिथून काढताच येणार नाही, तेव्हा कुत्रे थोडी धडपड करून माणसाच्या तोंडाकडे बघायला लागले, मांजरं मात्र खाऊपाशीच झटत राहिली. माझ्या घरी रोज हेच बघतो, चेंडू सोफ्याखाली गेला की कुत्रा माझ्याकडे येतो, मांजर सोफ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आडवी होते. मदत मागणं ही वेगळी हुशारी आहे आणि ती कुत्र्यात जास्त आहे हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही.

निळी_छत्री

बापरे, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गोधडी, त्या खांबाचं वाचून मी मनूला उचलूनच घेतलं. एक उपप्रश्न. तिला तिचं नाव कळतं का? मी हाक मारते तेव्हा ती ढिम्म हलत नाही, फक्त शेपटीचं टोक हलतं किंवा एक कान माझ्याकडे वळतो. दीर म्हणतो बघ, कळतच नाही. आणि रातकिडा, दोरीच्या टेस्टवाली मांजरं भुकेली नसतील, कंटाळली असतील असं नसेल का?

रातकिडा

दोरीबद्दल: कंटाळा हा मुद्दा नेहमीच येतो आणि तो रास्तही आहे, बऱ्याच अभ्यासांत काही मांजरं मध्येच बाद होतात कारण ती भाग घेतच नाहीत. पण इथे एकच दोरी असताना तीच मांजरं ओढून खाऊ काढत होती, म्हणजे इच्छा होती. दोन दोऱ्या आल्यावर ओढणं थांबलं नाही, निवड चुकत गेली. त्यामुळे दोरीच्या बाबतीत मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. गोधडी यांचा मुद्दा की मांजराला ती गरजच नाही, तो मला पटतो, पण गरज नाही म्हणून येत नाही आणि येत नाही ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

नावाबद्दल मात्र तुमच्या दिराला सांगा की तो कान वळणं हेच उत्तर आहे. टोकियोत आत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये मांजरांना अनोळखी माणसांनी मारलेल्या हाका ऐकवल्या, मग मालकाची हाक. अनोळखी हाकांना मांजरं हळूहळू दाद देईनाशी झाली आणि मालकाचा आवाज आल्याबरोबर कान, डोकं हललं. उठून कोणी आलं नाही, पण ओळखलं. २०१९ मध्ये त्यांनीच नावाची टेस्ट केली. मांजराच्या नावाएवढ्याच लांबीचे, तशाच चढउताराचे चार साधे शब्द आधी, मग नाव. शब्दांना कंटाळलेलं मांजर नाव आल्यावर परत सावध होतं, आणि अनोळखी माणसाने नाव घेतलं तरी होतं. जिथे खूप मांजरं एकत्र असतात आणि गिऱ्हाईकं येऊन खेळून जातात अशा कॅफेतल्या मांजरांना मात्र आपलं नाव आणि शेजाऱ्याचं नाव यात फरक करता आला नाही, साधे शब्द वेगळे काढता आले. तिथे सगळ्यांची नावं एकत्रच घेतली जातात, मग फरक कशावरून पडणार.

याच्या पुढचं काम २०२४ चं, परत ताकागी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक छोटं ॲनिमेशन आणि सोबत मालकाच्या आवाजात एक अर्थहीन शब्द, मग दुसरं ॲनिमेशन आणि दुसरा शब्द, मोजक्याच वेळा. नंतर जोड्या उलटसुलट केल्या तर मांजरं पडद्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे कोणता शब्द कोणत्या चित्राबरोबर हे कोणी न शिकवता, बक्षिसाशिवाय लक्षात राहिलं होतं. हे थॉर्नडाइकच्या चौकटीत बसवणं कठीण आहे, आणि ते मी वर्गात सांगतोही.

बारा_बोके

मी काही अभ्यास केलेला नाही, पण बेवारस मांजरांना खायला घालण्याचं आणि ऑपरेशनसाठी पकडण्याचं काम खूप वर्षं करतेय, त्यामुळे बघितलंय भरपूर. तुम्ही सगळे मांजराला एकेकटं धरून बोलताय, पण मांजर शिकतं ते आईकडून. पिल्लं थोडी मोठी झाली की आई आधी मेलेला उंदीर आणून त्यांच्यासमोर स्वतः खाते, मग मेलेलाच पण त्यांच्यापुढे टाकते, मग अर्धमेला आणते आणि सोडते आणि एक वेगळाच आवाज काढते, बारीक कंप असलेला, तो ऐकला की पिल्लं धावत येतात. उंदीर पळाला तर ती झडप घालून परत आणून ठेवते पण मारत नाही. किती मेलेला आणायचा हे पिल्लांच्या वयाप्रमाणे बदलत जातं. आणि आईशिवाय वाढलेली पिल्लं उंदराशी खेळतात, पाठलाग करतात, पण मानेवर नेमका चावा कुठे घ्यायचा हे त्यांना उशिरा जमतं, काहींना जमतच नाही.

पकडायच्या पिंजऱ्याचं तर सांगायलाच नको. एक मांजर आत गेलं आणि दार धाडकन पडलं हे दुसऱ्याने लांबून बघितलं की ते दुसरं त्या पिंजऱ्याच्या आसपास फिरकत नाही, कितीही वासाचं काही ठेवा. एक म्हातारी मांजरी आहे, ती पिंजऱ्याच्या आत अर्धी जाते, मागचे पाय बाहेरच ठेवते, मान लांब करून पुढचं खाते आणि पावलाने दाबायची पट्टी असते तिच्या अलीकडूनच मागे येते. ती पट्टी दाबली की दार पडतं हे तिला कळतं का आत पूर्ण शिरायचं नाही एवढंच कळतं, ते मी सांगू शकत नाही. पण तिला पकडता येत नाही हे खरं.

गोधडी

बारा_बोके, फार छान लिहिलंत. आईकडून शिकण्यावर १९६९ चा चेस्लर यांचा प्रयोग आहे, तुम्ही जे बघितलंत त्याच्याशी पूर्ण जुळतो. दिवा लागला की दांडी दाबायची म्हणजे खाऊ, हे आईला करताना बघणारी पिल्लं लवकर शिकली, अनोळखी मांजरीला बघणारी उशिरा, आणि कोणालाच न बघता एकटी धडपडणारी पिल्लं शिकलीच नाहीत. थॉर्नडाइकच्या मांजरांना दुसऱ्या मांजराचं बघून पिंजरा उघडता आला नव्हता, त्यावरून मांजर बघून शिकत नाही असा समज पसरला. कोणाला बघतंय हे कोणी विचारलंच नव्हतं.

आणि लक्षात ठेवण्याबद्दलही एक सांगायचं राहिलं, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. लपवलेली वस्तू कुठल्या खोक्यामागे गेली हे मांजर फार वेळ डोक्यात ठेवत नाही, ३० सेकंदांतच अचूकपणा झपाट्याने घसरतो, मिनिटभराने अंदाजापेक्षा थोडं बरं एवढंच उरतं. पण कॅनडात डेव्हिड मॅकव्हे आणि कीर पिअरसन यांनी मांजरांना चालताना एका अडथळ्यावरून पुढचे पाय टाकू दिले आणि तिथेच थांबवून खाऊ दिला. अडथळा पोटाखाली. मग मांजराला न कळता तो खाली काढून घेतला. दहा मिनिटांनी मांजर पुढे निघालं तरी मागचे पाय नेमके तेवढेच उंच उचलले, तिथे काही नसताना! अडथळा नुसता बघितला होता आणि पाय टाकण्याआधीच थांबवलं तर मात्र ही आठवण टिकत नाही. डोळ्यांनी बघितलेलं लगेच पुसलं जातं आणि पुढच्या पायांनी केलेलं मागच्या पायांसाठी राहतं. रात्री गवतातून, काटक्यांतून आवाज न करता, नजर शिकारीवर ठेवून चालणाऱ्याला हेच हवं ना. म्हणून मांजराची स्मरणशक्ती किती सेकंदांची असा प्रश्न कोणी विचारला की मी आधी विचारते, कशाची.

निळी_छत्री

हे मी आता मनूच्या चालण्यात बघत बसणार. मला घरीच आवाजाची टेस्ट करून बघायचीय, व्यवस्थित, दिरासमोर. आणि दोरीचीही. काय काळजी घ्यायची?

रातकिडा

दोरीच्या टेस्टमध्ये मुख्य काळजी स्वतःची घ्या. वर चष्मिश यांनी लिहिलंच आहे की मांजराला बोट दाखवलेलं कळतं. तुम्हाला बरोबर दोरी माहीत असेल तर तुम्ही नकळत तिकडे बघणार, झुकणार, आणि मनू तुमच्याकडे बघून निवडेल. खाऊ एकाने लावायचा आणि खोलीबाहेर जायचं, मनूला दुसऱ्याने सोडायचं आणि त्या दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. खाऊची बाजू नाणं उडवून ठरवा, नाहीतर डावी-उजवी अशी आलटून पालटून लावली तर ती तेवढाच क्रम शिकेल. झाकणाला भोकं नकोत, वासावरून निवडेल. आणि पातळ दोरा वापरू नका, मांजर गिळतं आणि आतड्यात अडकतो, जाड नाडी घ्या आणि टेस्ट झाली की उचलून ठेवा.

आवाजासाठी नवऱ्याचं नुसतं 'मनू' असं हाक मारलेलं रेकॉर्ड करा, एकच रेकॉर्डिंग दोन्ही फोनवर, सारख्याच मोठ्या आवाजात. तो स्वतः घराबाहेर गेलेला असू द्या. एक फोन आतल्या खोलीत दार लावून, दुसरा घराच्या विरुद्ध टोकाला. आतल्या फोनवरून थोड्या थोड्या अंतराने हाका, मनू दुर्लक्ष करायला लागेपर्यंत, आणि मग लगेच दुसऱ्या फोनवरून एक हाक. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच, फक्त हाकेच्या जागी कुठलातरी टुंग असा आवाज. दोन्हीचे व्हिडिओ काढा, म्यूट करा आणि दिराला दाखवा, कुठला कुठला ते न सांगता, आणि त्यालाच विचारा की यातल्या कुठल्या वेळी मांजर चकित झालेलं दिसतंय.